कोर्स कोणी मोडला?

औषधांना न जुमानणारा क्षय झालेल्या माणसाला आपल्याकडे हमखास ऐकवलं जातं, ‘गोळ्या मध्येच सोडल्या, आता भोगा.’ यात तथ्य आहे. २०१४-१६च्या राष्ट्रीय पाहणीत, पूर्वी उपचार घेतलेल्या रुग्णांपैकी ११.६ टक्क्यांत बहुऔषधप्रतिरोधी जंतू सापडले. पण त्याच पाहणीत नव्या रुग्णांतही हे प्रमाण २.८४ टक्के होतं. त्यांनी कोणता कोर्स सोडला होता? त्यांना आधीच चिवट झालेला जंतू दुसऱ्याच्या खोकल्यातून मिळाला.

आणि गोळ्या सुटतात त्या का? दिवाळीच्या सुमाराला बीडच्या टोळ्या रेठऱ्याच्या, साखराळ्याच्या कारखान्यांकडे ऊसतोडीला येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. खाडा झाला की पैसे कापले जातात. उपचार गावच्या आरोग्य केंद्रात सुरू आणि कोयता वाळव्याच्या फडात! रुग्णाची नोंद संगणकावर एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाते. मजुराच्या कोपीपर्यंत मात्र कोणीतरी पायी जावं लागतं. पाटण-जावळीतली माणसं माथाडी कामासाठी मुंबईला जातात आणि एकेका खोलीत दाटीनं राहतात. त्याच मुंबईत, धारावीतल्या १०६ खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ६३ वेगवेगळ्या पद्धतींचे उपचार लिहून दिल्याचं २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. बरोबर होते ते फक्त सहा जणांचे. मार्च २०२४मध्ये तर औषधांचा पुरवठा अडला आणि केंद्र सरकारनं राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितलं. तेव्हा कोर्स मोडला कोणी?

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतो, त्याचा प्रतिरोध दिसत नाही. मग नेहमीच्या गोळ्या सुरू होतात, खोकला थांबत नाही आणि घरातली लहान मुलं तीच हवा श्वासात घेत राहतात. सीबीनॅट चाचणी रिफाम्पिसिनचा प्रतिरोध सुमारे दोन तासांत सांगते, म्हणून पहिल्याच बेडक्याची ती चाचणी व्हायला हवी. जोडीला पोटभर अन्न हवं : झारखंडमधल्या प्रयोगात रुग्णाच्या कुटुंबाला पोषक शिधा दिल्यावर घरातल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं. प्रतिरोधी क्षयावरच्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारालाही २०२४मध्ये केंद्रानं मान्यता दिली आहे. दीड-दोन वर्षं गोळ्या घेण्याची सक्ती आता प्रत्येकाला नाही.

कारखान्यांच्या संचालकांनो, गाळप सुरू होताच टोळ्यांच्या तळावर बेडका-तपासणी करवून घ्या आणि तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू नका.