बाहेरचे कोण?

वसईतील लग्नाच्या मांडवात आणि रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात एक वाक्य हमखास कानी पडते: ‘बाहेरच्यांनी आपले गाव बिघडवले.’ हे म्हणणाऱ्या बंधुभगिनींना आम्ही एकच प्रश्न विचारतो: बाहेरचे म्हणजे नेमके कोण?

गावाचे रूप पालटले, हे खरे. १९८० च्या दशकाअखेर येथील हिरवी भूमी बिल्डरांच्या घशात जाऊ लागली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. तो लढा न्याय्यच होता. परंतु सगळीच जमीन कोणी लुबाडून नेली नाही. बरीचशी आपणच विकली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची वस्ती बारा लाखांवर गेली. त्या वस्तीतील गुजराती, उत्तर भारतीय, मल्याळी कुटुंबांकडून आपण दरमहा भाडे घेतो आणि त्यांनाच परके म्हणतो. हा हिशेब प्रामाणिक नाही.

या वादात जव्हार-मोखाड्याचा माणूस तर कोणाच्या खिजगणतीतही नाही. त्या दोन्ही तालुक्यांत दहातील नऊंहून अधिक माणसे आदिवासी आहेत: वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. डोंगरउतारावर नाचणी-वरईचे एकच पीक निघते. दिवाळी सरली की भांडीकुंडी व लेकरे घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर उतरतात. पुष्कळांनी ठेकेदाराकडून आधीच उचल घेतलेली असते. मग मजुरी हाती पडण्याऐवजी तिच्यातच वळती होते. आपले बंगले या हातांनी उभे राहिले. १९९८ पासून त्यांचा व आपला धर्मप्रांत एक, २०१४ पासून जिल्हाही एक. आणि या मातीशी त्यांचे नाते आपल्याहून जुने. मग बाहेरचे कोण?

१९९२-९३ साली जव्हारमधील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा राज्य हादरले. २०१६ साली मोखाड्यातून पुन्हा तशाच वार्ता आल्या. त्याच मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण उभे राहिले. पाणी मुंबईला जाते आणि तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. दारिद्र्य तेथील मातीत उगवलेले नाही. तेथून पाणी आणि घाम खाली येतो, वर मात्र फारसे काही परत जात नाही.

‘आम्ही नाताळात कपडे वाटतो, मिशनच्या शाळांना देणग्या देतो,’ असे कोणी म्हणेल. द्यावेच. परंतु दान हे मजुरीचे मोल नव्हे. ‘मजुरांचे ठेकेदार पाहतो,’ हेही उत्तर नव्हे. घर ठेकेदाराचे नाही, आपले आहे. वेठबिगारी कायद्याने १९७६ सालीच संपली, तरी तिच्यातून माणसे सोडवण्यासाठी आपल्याच वसई तालुक्यात श्रमजीवी संघटनेला लढावे लागले, हे आपण विसरलो काय?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ठेकेदाराला विचारावे: किमान वेतन देतोस का? ते मजुराच्या हाती पडते का? उचलीपोटी किती कापतोस? त्यांची मुले कोणत्या शाळेत जातात? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पुढचा हप्ता देऊ नये.

प्रभूच्या दाखल्यातील श्रीमंताने दारातल्या लाजरसला मारहाण केली नव्हती, हाकलूनही दिले नव्हते. त्याने त्याच्याकडे फक्त पाहिले नाही. आपल्या दाराशी विटा उतरवणाऱ्याकडे आपण तरी कधी पाहिले आहे?