चार फुगे आणि पाण्याचा कोन

सारख्या आकाराचे चार फुगे फुगवून त्यांची तोंडे एकत्र गच्च बांधली, तर ते फुलीसारखे सपाट पसरत नाहीत. एकमेकांना रेटत तीन फुगे खाली टेकतात आणि चौथा वर उभा राहतो. हाताने दाबून सोडले तरी पुन्हा तसेच होतात. मिथेनच्या रेणूत कार्बनभोवतीचे चार हायड्रोजन असेच बसलेले असतात, दर दोन बंधांत 109.5 अंशांचा कोन राखून. फुगे म्हणजे रेणू नव्हेत, हे खरे. पण इलेक्ट्रॉनांच्या जोड्याही एकमेकींपासून शक्य तितक्या लांब राहू पाहतात, एवढे त्यातून नेमके कळते.

वहीत मात्र मिथेन अजूनही अधिकच्या चिन्हासारखा, काटकोनात काढला जातो. आठवीत बंधांची ओळख होते ती ‘फरक स्पष्ट करा’साठी : आयनिक बंधात इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण, सहसंयुज बंधात भागीदारी. रेणूंचा आकार भेटतो तो थेट अकरावीत, तोही विज्ञान शाखेत. वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या मुलामुलींना तो कधीच भेटत नाही. हे नुकसान मोठे आहे, कारण बंधाचा प्रकार कळला तरी आकाराशिवाय त्याचा परिणाम कळत नाही.

आयनिक बंध पाहायचा तर खडे मीठ भिंगाखाली धरावे. त्यात चौकोनी, सरळ कडा दिसतात. आयनांचे आकर्षण सगळ्या दिशांना सारखे असते. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी ती रचना पसरत जाते. त्यात मिठाचा सुटा रेणू शोधून सापडणार नाही. तापल्या कढईत साखर वितळून तांबूस होते, मीठ तसेच राहते. ते वितळायला 801 अंश सेल्सिअस लागतात.

सहसंयुज बंध मात्र दिशा धरून असतो, आणि दिशा आली की आकार आला. शिवाय ही भागीदारी क्वचितच निम्मी-निम्मी असते. कोणता अणू इलेक्ट्रॉन किती ओढतो याचे मोजमाप लायनस पॉलिंग यांनी 1932 मध्ये मांडले. त्या मापाने पाहिले तर आयनिक आणि सहसंयुज यांच्यात भिंत नाही, उतार आहे.

पाण्याचेच घ्या. ऑक्सिजनभोवती चार जोड्या असतात. दोघींच्या टोकाला हायड्रोजन, दोन मोकळ्या. मोकळी जोडी ऑक्सिजनला बिलगून असल्याने जास्त जागा अडवते आणि हायड्रोजनांमधला कोन आवळून 104.5 अंशांवर येतो. रेणू वाकडा होतो. कार्बन डायऑक्साइड सरळ असतो; रस्सीखेचीत दोन्ही बाजूंचा जोर सारखा असावा तशी त्यातली ओढ फिटून जाते. पाण्यात ती फिटत नाही. एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन राहते. म्हणून पाणी मिठाचे आयन सोडवून घेते. म्हणूनच त्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू जवळपास दुप्पट जड आणि तसाच वाकडा असतो, पण ही पकड त्याच्यात फार दुबळी. तो उणे 60 अंशांनाच वायू होतो. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी उडून जाताना हेच बंध तोडायला उष्णता घेते आणि आतले पाणी गार होते.

कार्बनचे चार बंध अवकाशात चार कोपऱ्यांकडे जातात, असे 1874 मध्ये याकोबुस व्हान्ट हॉफ यांनी नेदरलँड्समध्ये मांडले. तेव्हा ते 22 वर्षांचे होते. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल बेल यांनीही स्वतंत्रपणे तोच विचार मांडला. हर्मान कोल्बे या नामवंत जर्मन रसायनशास्त्रज्ञाने व्हान्ट हॉफना पशुवैद्यकीय विद्यालयात नोकरी करणारा म्हणून हिणवले. सपाट कागदावर विचार करायची सवय मोठ्यांनाही सुटत नव्हती. व्हान्ट हॉफ यांनी पुठ्ठ्याच्या चौफलक प्रतिकृती करून सहकाऱ्यांना पाठवल्या होत्या, हातात धरून, फिरवून पाहता याव्यात म्हणून. आपल्या आठवीच्या वर्गात पुठ्ठाही लागणार नाही. चार फुगे आणि हातभर दोरा पुरेल, आणि तासातली दहा मिनिटे.