दोन इंजिनं, एक रूळ

परभणीहून पूर्णेकडे निघालं की वाटेत पिंगळी स्टेशन लागतं. परभणी–मुदखेड मार्ग एकेरी होता तोवर इंजिन कितीही दमदार असो, समोरची गाडी निघून जाईपर्यंत क्रॉसिंगला ताटकळणं आलंच. खोळंबा कमी झाला तो दुसरा रूळ पडल्यावर. जुन्या पीसीत दुसरा प्रोसेसर बसवायला निघालेल्या आमच्या कारागीर वाचकांनी हा मार्ग आठवावा.

1999 चा अबिट बीपी6 हा मदरबोर्ड इंटेलच्या स्वस्त सेलेरॉन प्रोसेसरची जोडी चालवतो म्हणून गाजला. इंटेलला ही जोडी मान्य नव्हती. अबिटने ती जमवली. पण दोन्ही चिपा 66 मेगाहर्ट्‌झच्या एकाच बसवर, एकाच मेमरीच्या दारात रांगेत उभ्या. त्यावर विंडोज 98 टाकलं तर दुसरा प्रोसेसर नुसता बसून राहतो. त्याला कामाला जुंपायला विंडोज एनटी, 2000 किंवा लिनक्ससारखी प्रणाली हवी. एवढं करूनही निम्मं काम एकामागून एकच करावं लागणारं असेल, तर शंभर मिनिटांचं काम पाऊणशेच्या खाली येत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 मध्येच ही मर्यादा दाखवून दिली होती.

एकाच दारातली ही रांग टाळायची वाटही होती. पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक उभा केला, तो इनमॉसच्या ट्रान्सप्युटर या प्रोसेसर चिपांवर. ट्रान्सप्युटरची कार्डं तेव्हा साध्या पीसीच्या स्लॉटमध्येही बसत. परममध्ये प्रत्येक ट्रान्सप्युटरला स्वतःची मेमरी होती आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे; म्हणजे ज्याचा त्याचा रूळ. तरीही चिपा जोडून भागलं नाही. या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणून सी-डॅकला ‘पारस’ ही प्रणाली घडवावी लागली.

तेव्हा गिऱ्हाईक बीपी6 सारखा बोर्ड घेऊन आलं, तर त्यावर कोणता प्रोग्रॅम चालवणार, हे आधी विचारा. बीपी6 चे कपॅसिटर फुगण्यासाठी बदनाम आहेत. ते तपासून बदला. दोन्ही सेलेरॉन एकाच वेगाचे आणि शक्यतो एकाच स्टेपिंगचे, म्हणजे चिपच्या एकाच आवृत्तीचे, घ्या. मग गिऱ्हाइकाचंच काम आधी एका आणि नंतर दोन प्रोसेसरवर, घड्याळ लावून, त्याच्यासमोर चालवा. फरक दिसला नाही, तर दुसरी चिप काढून ठेवा आणि तिचे पैसे बिलात लावू नका.