छपरावर चढण्यापूर्वी

जयपूरच्या बनी पार्कमध्ये एका मराठी स्नेह्यांकडे मुक्कामाला असताना उन्हाळ्यातील 'आँधी' प्रथमच जवळून पाहिली. सायंकाळी धुळीची भिंत उठली, वीज गेली आणि तासाभरात सारे शांत झाले. वारा पुरता थांबला नव्हता तोच घरातील तरुण मुलगा गच्चीकडे धावला. आजींनी त्याला जिन्यातच अडवले. "उजाडल्यावर बघ," एवढेच त्या म्हणाल्या. सकाळी गच्चीवर गेलो, तेव्हा विजेची एक तुटलेली तार पाण्याच्या टाकीला चिकटून लोंबत होती.

तेथे पक्की गच्ची होती, जिना होता, कठडाही होता. कोकणातील उतरत्या कौलांवर आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर यांपैकी काहीच नसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि असंख्य घरांची छपरे उडाली. मोसमी पाऊस तोंडावर होता. अशा वेळी घरधनी ओल्या शिडीवरून घाईने वर चढतो, याचे नवल नाही. मात्र त्याला थांबवणारे कोणी असले पाहिजे, आणि ते काम आपले, म्हणजे विस्तार कार्यकर्त्यांचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वादळानंतरचे आपले कृषी सल्ले मी वर्षानुवर्षे वाचत आणि लिहीत आलो आहे. कलंडलेली झाडे कशी उभी करावीत, निचरा कसा करावा, कोणते बुरशीनाशक वापरावे, हे सारे त्यांत असते. छपराविषयी मात्र अवाक्षर नसते. उलट पंचनाम्यासाठी छायाचित्र हवे म्हणून शेतकरी छपरावर चढतो आणि आपण खाली उभे राहून पाहतो. ही पद्धत बंद व्हायला हवी.

कीटकशास्त्रज्ञाने या विषयात का पडावे, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर वाशांत दडलेले आहे. वाळवी लाकूड आतून पोखरते आणि वरचा पापुद्रा शाबूत ठेवते. भिंतीत रुतलेले वाशाचे टोक ओलाव्यामुळे सर्वांत आधी पोकळ होते. भुंगेऱ्यांच्या अळ्या आंब्याच्या लाकडाचे आणि बांबूचे पीठ करतात. असे छप्पर वर्षानुवर्षे कौलांचा भार पेलते. वादळाच्या हिसक्याने सांधे निखळले की ते माणसाचे वजन पेलेलच असे नाही. वरून ते धडधाकटच दिसते. म्हणून छपराची तपासणी खालून आणि आतून सुरू करावी.

वारा थांबल्यासारखा वाटला तरी लगेच बाहेर पडू नये. चक्रीवादळाचा डोळा माथ्यावरून जात असेल, तर त्या शांततेनंतर वारा उलट दिशेने पुन्हा येतो. अधिकृत सूचना मिळेपर्यंत थांबावे आणि उजेडातच पाहणी करावी. घराचा मुख्य वीजपुरवठा बंद करावा. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नये, वीज कंपनीला कळवावे. मग पडझडीच्या टप्प्याबाहेरून घराला फेरी मारावी. आढे वाकले आहे का, कौले सरकली आहेत का, पत्र्याचे हूक निसटले आहेत का, हे मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळ आणून पाहता येते. तीच छायाचित्रे पंचनाम्यासाठी जपून ठेवावीत. छप्पर झुकले असेल, भिंतीला नवी भेग गेली असेल किंवा झाड छपरावर रेलले असेल, तर आत जाऊ नये. तसे नसेल, तर आत जाऊन उजेडाचे कवडसे, ओल, वाळवीच्या मातीच्या नळ्या आणि जमिनीवर पडलेला लाकडाचा भुगा शोधावा. हाताशी येणाऱ्या लाकडावर ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला किंवा पेचकस सहज आत शिरला, तर त्या छपरावर कोणीही पाय ठेवू नये.

वर जाणे अटळच असेल, तर ते काम जाणत्या कारागिराकडे, कोरड्या दिवशी आणि दोरीच्या आधाराने सोपवावे. शिडी बांधलेली असावी, खाली एक माणूस असावा. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर थेट पाऊल टाकू नये. तो कसलीही सूचना न देता फुटतो.

आणखी एक गोष्ट. वादळाने बिथरलेल्या गांधीलमाशा वळचणीला असतात आणि शिडीवर डंख बसला की तोल जातो. पडलेल्या कौलांच्या ढिगात लाल विंचू आसरा घेतो. त्याच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी रूढ केला आणि कोकणात असंख्य जीव वाचले. तरी रुग्णाने विनाविलंब दवाखाना गाठणे आवश्यकच. ढीग उपसताना जाड हातमोजे आणि बूट घालावेत.

पुढील हंगामाच्या कृषी सल्ल्यात यातील चार ओळी तरी आपण घालू या. पोफळीची बाग पुन्हा उभी राहायला अनेक वर्षे लागतात. ती उभी करणारा माणूस आधी धडधाकट हवा.