विश्लेषण : गेम सतत बंद पडतोय, पण दोष नेमका कुणाचा?

सुटे भाग जोडून घेतलेल्या महागड्या गेमिंग पीसीवर गेम ‘क्रॅश’ होऊ लागला की संशयाची सुई आधी ग्राफिक्स कार्डाकडे आणि मग थेट ग्राहकाकडे वळते. इंटेलच्या प्रोसेसरचे प्रकरण मात्र वेगळेच काही सांगते.

ग्राफिक्स कार्डावर २४ जीबी मेमरी आहे. गेमला त्यातली निम्मीही लागत नाही. तरी गेम सुरू होताना पडदा क्षणभर थिजतो, सगळे बंद होते आणि एक चौकट उगवते : ‘व्हिडिओ मेमरी संपली’. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभरातल्या असंख्य गेमर्सनी ही चौकट पाहिली. कुणी ड्रायव्हर बदलले, कुणी विंडोज नव्याने टाकली, कुणी थेट कार्डच बदलून आणले. चौकट काही जाईना, कारण मेमरी संपलीच नव्हती. हिशेब चुकत होता तो प्रोसेसरचा. आणि तो बनवणाऱ्या इंटेलने नेमके कारण जाहीरपणे सांगेपर्यंत जुलै २०२४ उजाडला.

चुकीचा संदेश आला कसा?

अनरिअल इंजिनवर बनलेले गेम सुरू होताना ‘शेडर’ नावाचे छोटे प्रोग्राम तयार करतात. हे शेडर दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून साठवलेले असतात. ते उलगडण्याचे काम प्रोसेसर करतो आणि तेही सगळ्या कोअर एकदम कामाला जुंपून. प्रोसेसरवर इतका ताण प्रत्यक्ष गेम खेळतानाही क्वचितच येतो. उलगडताना एका बिटची जरी गफलत झाली तरी पुढचा सगळा मजकूर निरर्थक होतो. इंजिनाला एवढेच कळते की ग्राफिक्सचे काम फसले. मग ते आपल्याकडच्या ठरावीक संदेशांपैकी एक पडद्यावर फेकते. तो संदेश नेमका मेमरीचा होता.

हे कोडे आधी सोडवले ते सॉफ्टवेअरवाल्यांनी. डेटा उलगडणारी ‘ऊडल’ ही प्रणाली बनवणाऱ्या रॅड गेम टूल्सने स्पष्ट केले की दोष ऊडलमध्येही नाही आणि अनरिअलमध्येही नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही प्रोसेसर जास्त वेगावर अस्थिर होत आहेत. एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरच्या टिपणात लिहिले, की व्हिडिओ मेमरीची ही त्रुटी या प्रोसेसरवर येत असेल तर इंटेलची सूचना पाहा. ग्राफिक्स कार्ड कंपनीने ‘आमच्याकडे नको, तिकडे जा’ म्हणणे ही एरवी टोलवाटोलवी वाटली असती. इथे ती चक्क खरी निघाली.

प्रोसेसरला झाले होते काय?

ऑक्टोबर २०२२ मध्ये १३वी पिढी आली आणि वर्षभराने १४वी. आय९-१४९००के हा प्रोसेसर ६ गिगाहर्ट्झपर्यंत धावू लागला. इतका वेग गाठायचा तर जास्त व्होल्टेज द्यावे लागते आणि जास्त व्होल्टेजने सिलिकॉन लवकर झिजते. इंटेलच्या सप्टेंबर २०२४ मधील खुलाशानुसार, कोअरला ताल देणाऱ्या ‘क्लॉक ट्री’ सर्किटचा एक भाग जास्त व्होल्टेज आणि तापमानात म्हातारा होत होता. एकदा तो झिजला की ज्या व्होल्टेजवर प्रोसेसर काल नीट चालत होता, ते आज अपुरे पडते. कंपनीने याला ‘व्हीमिन शिफ्ट’ असे नाव दिले.

हे जादा व्होल्टेज येत कुठून होते, याची उत्तरे एकाहून अधिक निघाली. सुरुवातीला बोट मदरबोर्ड कंपन्यांकडे गेले. आय९साठी २५३ वॅटची मर्यादा असताना अनेक बोर्डांवर ती मूळ सेटिंगमध्येच ४०९६ वॅट, म्हणजे व्यवहारात अमर्याद, ठेवलेली असे. पण ओव्हरक्लॉकिंगची सोयही नसलेल्या सर्व्हर-वर्गातील बोर्डांवरही हेच प्रोसेसर कोसळत असल्याचे गेम सर्व्हर चालवणाऱ्यांना दिसले. ‘पाथ ऑफ टायटन्स’ या गेमच्या निर्मात्या आल्डेरॉन गेम्सने जुलै २०२४ मध्ये वैतागून आपले सर्व्हर एएमडीकडे नेत असल्याचे जाहीर केले. पुढे इंटेलनेही मान्य केले की प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोड स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, अगदी संगणक निवांत असतानाही. त्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत ०एक्स१२५, ०एक्स१२९ आणि ०एक्स१२बी असे एकामागून एक तीन मायक्रोकोड आले. २०२५ मध्ये आणखी एक आला.

हे मायक्रोकोड पुढची झीज रोखतात; झालेली झीज भरून काढत नाहीत. म्हणजे ज्याने वर्षभर तो प्रोसेसर वापरला आणि मग बायोस अपडेट केले, त्याच्या हाती दुरुस्त झालेला प्रोसेसर आलेला नाही. अपडेटची बातमी वाचून ‘प्रश्न सुटला’ असे समजणाऱ्या अनेकांच्या हे लक्षातच आले नाही.

मग प्रत्येक क्रॅशला प्रोसेसरच जबाबदार?

अजिबात नाही. पण क्रॅशचा स्वभाव ओळखला तर अर्धे काम होते. गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो का, निळा पडदा येतो का, की आख्खा पीसीच दिवा विझावा तसा बंद पडतो? ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत.

पीसी थेट बंद पडत असेल तर आधी वीज पाहावी. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये अशा वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद सापडते आणि अनेक जण तिलाच कारण समजून बसतात. तिचा अर्थ फक्त इतकाच, की संगणक नीट शटडाऊन न होता बंद पडला. आधुनिक ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांसाठी आपल्या नेहमीच्या मागणीपेक्षा बरीच जास्त वीज ओढते. पॉवर सप्लाय जेमतेम असेल तर तो तिथेच हात टेकतो. कार्डाला दोन कनेक्टर असतील तर एकाच वायरचे दोन फाटे न लावता पॉवर सप्लायपासून दोन स्वतंत्र वायरी आणाव्यात. आपल्याकडे आणखी एक घरगुती गुन्हेगार असतो : यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. त्या आकाराचे बाजारातले अनेक यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच भार घेतात. गेम रंगात आला की यूपीएस ओरडतो आणि मान टाकतो. शिव्या मात्र गेमला पडतात.

पडदा काळा होऊन परत येत असेल आणि ‘डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देत नव्हता, तो पूर्ववत झाला’ अशी ४१०१ क्रमांकाची नोंद सापडत असेल, तर संशय ग्राफिक्स कार्ड किंवा त्याच्या ड्रायव्हरवर घेता येतो. विंडोज कार्डाला उत्तर देण्यासाठी साधारण दोन सेकंद देते, मग ड्रायव्हर नव्याने सुरू करते. जुना ड्रायव्हर मुळापासून काढून नवा टाकणे हा इथला पहिला उपाय.

रॅमचे प्रकरण सर्वात फसवे. पाकिटावर ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅम नुसती बसवली तर बहुधा ४८०० च्या आसपास चालते. लिहिलेला वेग मिळवायला बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ सुरू करावे लागते. दुकानदार ते करूनच देतो आणि ग्राहकाला वाटते हाच मूळ वेग. आय९-१४९००के अधिकृतपणे ५६०० पर्यंतचीच रॅम चालवतो; त्यापुढचा वेग इंटेलच्या लेखी ओव्हरक्लॉकिंग आहे. चार पट्ट्या लावल्या तर तो टिकवणे आणखी अवघड. म्हणून क्रॅश सुरू झाले की पैसा न खर्चता करता येणारी पहिली चाचणी म्हणजे एक्सएमपी बंद करून दोन दिवस खेळून पाहणे. त्यानंतर मेमटेस्ट८६ रात्रभर चालू द्यावे. एक जरी चूक दाखवली तरी रॅमची ती जोडणी निर्दोष म्हणता येत नाही. मग एकेक पट्टी काढून पुन्हा तपासायचे.

हे सगळे पार पडूनही क्रॅश होत असतील आणि प्रोसेसर १३व्या किंवा १४व्या पिढीचा असेल, तर खुणा पडताळाव्यात. क्रॅश खेळताना कमी आणि शेडर तयार होताना जास्त होतात का? मोठ्या झिप फाइली उघडताना मध्येच त्रुटी येते का? ग्राफिक्स ड्रायव्हरचे इन्स्टॉलेशनच फसते का? इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या नोंदी आहेत का? यावर रॅडने सुचवलेली एक सोपी चाचणी आहे : बायोसमध्ये परफॉर्मन्स कोअरचा गुणक ५५ असेल तर ५३ करावा. एवढ्याने क्रॅश थांबले तर प्रोसेसर त्याच्या छापील वेगावर चालू शकत नाही, याचा हा सबळ पुरावा. अनेक जण इथेच समाधान मानून तसेच खेळत राहतात. ते चूक आहे. पैसे ५५ चे मोजले आहेत.

एका वेळी एकच बदल करायचा आणि तो तारखेसह लिहून ठेवायचा, हे यातले सर्वात कंटाळवाणे आणि सर्वात उपयोगी काम. विंडोजमधला ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ क्रॅशचा दिवसवार आलेख देतो. पहिला क्रॅश कधी झाला आणि त्या आठवड्यात काय बदलले होते, हे त्यात एका नजरेत दिसते. उन्हाळाही त्यात दिसू शकतो. जुलै २०२५ मध्ये युरोपात उष्णतेची लाट असताना याच पिढ्यांच्या प्रोसेसरवरून येणारे क्रॅश वाढल्याचे फायरफॉक्सच्या एका अभियंत्याने नोंदवले होते. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरला बंद खोलीत गेम खेळणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

भुर्दंड ग्राहकालाच का?

तयार पीसी घेतला तर एक बिल, एक वॉरंटी. लॅमिंग्टन रोडवरून भाग निवडून जोडून घेतला तर आठ भाग, आठ वॉरंट्या. एकाच किमतीत जास्त चांगला संगणक मिळतो हे खरेच, पण त्याची दुसरी बाजू दुकानात कुणी सांगत नाही : दोष कोणत्या भागात आहे हे सिद्ध करायची जबाबदारीही त्याच किमतीत पदरात पडते. अधूनमधून येणारा दोष तर आणखी छळतो. सेवा केंद्रात दहा मिनिटांची चाचणी होते, पीसी मुकाट्याने पास होतो आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन घरी परततो. रॅमवाला बोर्डाकडे बोट दाखवतो, बोर्डवाला पॉवर सप्लायकडे आणि सगळे मिळून ग्राहकाकडे.

कंपन्यांचा संशय अगदीच निराधार नसतो. स्वस्तातला पॉवर सप्लाय, इंटरनेटवर पाहून वाढवलेले व्होल्टेज, अर्धवट बसवलेली वायर हे प्रकार सर्रास घडतात. पण दोष वरून येतो तेव्हाही वागणूक तीच असते, आक्षेप त्याला आहे. १३व्या पिढीच्या सुरुवातीच्या काही प्रोसेसरमध्ये उत्पादनातच ऑक्सिडेशनचा दोष होता आणि तो २०२३ मध्ये निस्तरला, हे इंटेलने जुलै २०२४ मध्ये, चहूबाजूंनी प्रश्न आल्यावर सांगितले. मधल्या काळात ज्यांनी ‘तुमच्याच सेटिंगमध्ये गडबड आहे’ हे ऐकून घेतले, त्यांच्या वेळेची भरपाई कोणत्याही मायक्रोकोडमध्ये नाही. या तुलनेत एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याचे समोर आले, तेव्हा काही आठवड्यांतच एसओसी व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घालणारे बायोस बाजारात आले होते.

इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये बॉक्समधून विकलेल्या बाधित प्रोसेसरची वॉरंटी तीनवरून पाच वर्षे केली. निर्णय योग्य होता, पण अर्धा. निर्मात्यानेच दोष मान्य केलेल्या मॉडेलच्या बाबतीत ग्राहकाकडून पुन्हा चाचण्यांचे पुरावे मागण्यात काही अर्थ नाही. अनुक्रमांक जुळला आणि लक्षणे जुळली की प्रोसेसर बदलून मिळायला हवा. आपल्याकडे यात आणखी एक पाचर आहे. थोडा स्वस्त पडतो म्हणून अनेक दुकानांत ‘ट्रे’ प्रोसेसर, म्हणजे खोक्याविना सुटा, गळ्यात मारला जातो. त्याची वॉरंटी इंटेल थेट देत नाही, ती विक्रेत्याकडून किंवा संगणक जोडून देणाऱ्याकडून घ्यावी लागते. वाचवलेले हजार-दोन हजार रुपये इथे महागात पडतात.

तक्रार कुठे करायची?

विक्रेता आणि कंपनी दोघेही दाद देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तूसाठी उत्पादक आणि विक्रेता दोघांवरही दावा करता येतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात शुल्क नाही आणि एवढ्या रकमेत बहुतेक गेमिंग पीसी बसतात. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. कच्च्या पावतीवर घेतलेल्या भागांसाठी मात्र ही वाट फार खडतर होते, त्यामुळे प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहिलेले जीएसटी बिल खरेदीच्या दिवशीच मागून घ्यावे.

जुन्या बाजारात हे प्रोसेसर आता बरे वाटावेत अशा किमतीत दिसू लागले आहेत. विकणारा ‘बायोस अपडेटेड’ असे आवर्जून लिहितो. त्याआधी तो किती महिने कोणत्या व्होल्टेजवर चालला, हे लिहीत नाही. ज्यांच्याकडे पहिल्या तुकडीतला, ऑक्टोबर २०२२ मध्ये घेतलेला बॉक्स प्रोसेसर आहे, त्यांची वाढीव वॉरंटी ऑक्टोबर २०२७ मध्ये संपते.