तत्त्वज्ञान मंडळाला प्रमुख पाहुणा नको

मागच्या महिन्यात माझ्या जुन्या कॉलेजातल्या थर्ड इयरच्या एका पोराचा फोन आला. "दादा, आम्ही फिलॉसॉफी क्लब काढतोय. तुम्ही पूर्वी चालवायचा ना? उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून कुणाला बोलवू?" मी म्हटलं, कुणालाच नको. त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय. मग अर्धा तास मी जे बोललो ते जरा रागातच बोललो, आणि तो राग त्याच्यावर नव्हता. म्हणून हे नीट लिहितोय.

आमचं मंडळ 2016 साली हॉस्टेलच्या मेसमध्ये सुरू झालं. बुधवारी रात्री जेवणं उरकली, मावशींनी टेबलं पुसली की आम्ही कोपऱ्यात बसायचो. सात-आठ जण, कधी बारा. नाव नव्हतं, लोगो नव्हता. पहिला प्रश्न होता: मित्राची प्रॉक्सी लावणं म्हणजे खोटं बोलणं का? हसू नका, दोन तास चालला तो विषय. एकाचं म्हणणं, हजेरी हाच मुळात खोटा प्रकार आहे, वर्गात बसलेला पोरगाही मोबाईलमध्येच असतो. दुसरा म्हणाला, नियम चुकीचा आहे हे ठरवायचा अधिकार तुला कुणी दिला? साडेअकराला वॉचमनने हाकललं तेव्हा कुणाचंच मत बदललं नव्हतं. पण त्या आठवड्यात प्रॉक्सी लावताना मी दोनदा थांबलो. (लावलीच, ते सोडा.)

सुरुवातीला आम्ही इंग्रजीतून बोलायचा नियम केला होता. फिलॉसॉफी म्हटल्यावर इंग्रजीच, असं वाटायचं. मग पुण्या-मुंबईचे तिघे बोलायचे आणि जुन्नर, बार्शी, परभणीचे माना डोलवायचे. एकदा तो प्रसिद्ध ट्रॉलीचा प्रश्न निघाला, ज्याचं मूळ फिलिपा फूट यांच्या 1967 सालच्या लेखात आहे: गाडीला ब्रेक नाही, सरळ गेली तर पाच माणसं मरतील, वळवली तर एक, वळवायची का? मी केंदूरचा. आमच्याकडे ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरमागची उसाची. ती रुळावर कशाला गेली, इथंच माझं डोकं अडकलं.

तेव्हा मी मराठीत आमच्या भागातला प्रश्न मांडला. कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी आधी कुणाला? नियम सांगतो टेल टू हेड, म्हणजे शेवटच्या शेतकऱ्यापासून सुरुवात. पण वरच्याचं पीक आज जळत असेल आणि खालच्याला चार दिवस धीर धरता येत असेल, तर? आणि ज्याच्या शेतापर्यंत कालवाच आला नाही, त्याचा हक्क कुठं मोजायचा? शिरूर तालुक्याच्या आमच्या कोरड्या पट्ट्यात हा शेवटचा प्रश्न पारावर बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. त्या रात्री परभणीचा पोरगा पहिल्यांदा बोलला आणि मग थांबेचना. जॉन रॉल्सचं नाव आम्हाला पुढच्या वर्षी कळलं. आमची चर्चा त्याच्याच अंगणात चालली होती, आणि ते माहीत नसल्यानं काही अडलं नव्हतं.

त्यामुळे 'मराठीत तत्त्वज्ञान कुठं होतं?' असं कुणी म्हटलं की मला चीड येते. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश 1974 सालचा आहे. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातून 'परामर्श' मराठीत निघत आलं आहे. आणि 1983 साली पुण्यात मे. पुं. रेगे आणि दया कृष्ण यांच्या पुढाकारानं एक अजब प्रकार झाला: पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक आणि न्यायशास्त्राचे पंडित समोरासमोर बसले, विषय बर्ट्रांड रसेलचा, चर्चा संस्कृतात. रसेलच्या कल्पनांना संस्कृतात तयार शब्द कुठून असणार? ते घडवावे लागले. भाषा आधी तयार होते आणि मग विचार सुरू होतो, असं नसतंच. त्याच वर्षी आमच्या शेजारच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम सुरू केला, हातानं काम करत शिकण्यासाठी. मेसच्या टेबलावर आमचं तसंच काहीतरी चाललं होतं, फक्त हाताऐवजी तोंडानं.

मग आम्ही 'मेरिट म्हणजे काय' हा विषय घेतला. दोन वर्षं क्लास लावून आलेला आणि आश्रमशाळेतून आलेला, दोघांचे मार्क एकाच मापानं मोजायचे का? त्या रात्री आवाज चढले. एक जण ताट आपटून उठून गेला. पण पुढच्या बुधवारी तो परत आला, हे कुणीच वर सांगितलं नाही. तक्रार मात्र गेली. आम्हाला बोलावून घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं, उपक्रम चांगला आहे, आपण त्याला ऑफिशियल करू. मला कोऑर्डिनेटर केलं.

पहिला ऑफिशियल कार्यक्रम म्हणजे एका मोटिव्हेशनल वक्त्याचं भाषण. विषय, 'यशाचं तत्त्वज्ञान'. हॉल भरला, कारण ॲक्टिव्हिटी पॉइंट्स होते. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, नॅकच्या फाईलसाठी जिओटॅग फोटो. शेवटी प्रश्नांना पाच मिनिटं होती, ती आभारप्रदर्शनात गेली. तीनशे जणांना प्रमाणपत्रं मिळाली. ती मीच वाटली. बुधवारची बैठक पुढच्या महिन्यात बंद पडली आणि ती कुणी बंद केली असं बोट दाखवायला कुणी नाही. मंडळ कागदावर जिवंत होतं, एवढ्यावर मीही समाधान मानलं.

माझं भांडण याच्याशी आहे. विद्यार्थ्यांना विचार करायचा नसतो, त्यांना फक्त प्लेसमेंट हवी असते, हे कॉलेजं वर्षानुवर्षं सांगतात. आमच्या मेसमध्ये पॉइंट्स नव्हते तरी पोरं येत होती. स्टेज आल्यावर ती प्रेक्षक झाली. एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, त्याला तत्त्वज्ञान मंडळ म्हणू नका.

कुणी म्हणेल, जाणकार माणूस नसेल तर पोरं भरकटतील. यात तथ्य आहे. 1848 साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली, तेव्हा प्राध्यापक पॅटन त्यांच्या पाठीशी होते. पण निबंध पोरं वाचायची, वाद पोरं घालायची. त्या वादांतून पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा निघाल्या, आणि दादाभाई नौरोजींसारखे सभासद तिथं विनामोबदला शिकवायला जात. जाणकार असावा, बाकावर आमच्याशेजारी बसलेला असावा. त्याला हार घातला की संपलं.

गावाकडचे म्हणतील, तुला कीर्तनही नको का? हवं की. केंदूर हे कान्हुराज पाठकांचं गाव, सप्ताहाचे सूर ऐकत मी मोठा झालोय. पण कीर्तनात एक उभा असतो आणि बाकी सगळे बसलेले, तिथं मध्येच हात वर करायचा नसतो. खरी मजा नंतर, पंगतीत. सगळं देवाच्या इच्छेनं होतं तर यंदाचा दुष्काळही त्याच्याच इच्छेनं का, हे माझ्या चुलतीनं पत्रावळी मांडता मांडता विचारलं होतं. महाराज हसले आणि म्हणाले, जेवण झाल्यावर बोलू. बोललेही, तासभर. चुलतीचं समाधान झालं नाही.

मराठीत 'फिलॉसॉफी झाडू नकोस' ही शिवी आहे. आमच्या ऑफिसात ती इंग्रजीत आणि सभ्यपणे देतात. एकदा कर्जाच्या ॲपवर काम करत होतो. हप्ता थकलेल्याला रात्री किती वाजेपर्यंत नोटिफिकेशन पाठवायचं, यावर मीटिंग होती. चर्चा झाली ती कुठल्या वेळेला लोक जास्त क्लिक करतात याची. रात्री अकराला एखाद्याला असं घाबरवावं का, हा प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता. मी गप्प बसलो. गप्प बसायची सवय मला तशी पुष्पगुच्छ हातात घेऊन उभं राहिलो तेव्हापासूनच लागली होती. मेसमधला मी असतो तर बोललो असतो, असं मला वाटतं. खात्री नाही.

तर त्या पोराला मी एवढंच सांगितलं: वार ठरव, जागा ठरव, आणि एकच प्रश्न मराठीत लिहून हॉस्टेलच्या ग्रुपवर टाक. हजेरी घेऊ नको. भांडण झालं तर पुढच्या आठवड्यात त्याच विषयावर बसा. त्यानं विचारलं, "आणि रिपोर्टला काय लिहू?" मी म्हटलं, रिपोर्ट मागेपर्यंत तरी लिहू नको.

परवा त्याचा मेसेज आला. नऊ जण आले होते. प्रश्न होता, असाइनमेंट चॅटजीपीटीनं लिहिली तर मार्क कुणाचे? दोघं कपडे वाळत घालायचेत म्हणून मध्येच उठून गेले. बाकीचे वॉचमन येईपर्यंत बसले.