पऱ्हाट्यांचा कोळसा जमिनीत घाला, पण विकत घेऊन नको

कंपनीने बायोचारची मोठी भट्टी घ्यावी, असा विषय काही सभासदांनी मांडलाय. भागभांडवल तुमचं आहे, म्हणून माझं मत सभेआधीच सांगते. यंदा भट्टी नको. कोळसा मात्र करा, स्वतःच्या बांधावर, स्वतःच्या पऱ्हाट्यांचा.

बायोचार म्हणजे कमी हवेत भाजलेला काडीकचरा. उघड्यावर पेटवलं की मूठभर राख उरते, नत्र आणि गंधक धुरातून जातं. हवा कोंडून भाजलं तर १०० किलो वाळक्या काड्यांतून साधारण २५ किलो कोळसा मिळतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, शेणखतातला कर्ब दोन-तीन वर्षांत उडून जातो. कोळशातला कर्ब मात्र वर्षानुवर्षं टिकतो, आणि त्याच्या बारीक छिद्रांत पाणी धरलं जातं. इथपर्यंत विकणारा माणूस खरं बोलतो.

पुढचं तो सांगत नाही. जगभरात कोळशाचे मोठे फायदे दिसले ते जास्त करून आम्लधर्मी जमिनीत. आपली काळी जमीन चुनखडीची, सामू आधीच आठच्या आसपास. कोळसाही अल्कधर्मीच. चुनखडीत भुईमूग पिवळा पडतो तो लोहाच्या कमतरतेने. तिथे कोळसा ओतला तर दुखणं वाढू शकतं. म्हणून भारी काळ्या रानात मी घालू नका म्हणेन. साक्री, पारोळा, अमळनेरकडे ज्यांची हलकी, मुरमाड रानं आहेत, पाऊस आठ दिवस लांबला की तीळ माना टाकतो, त्यांनी करून बघण्यासारखं आहे. माती परीक्षणाचा कागद आधी काढा. सामू आणि सेंद्रिय कर्ब, दोन आकडे पुरे.

आता हिशोब. बऱ्याच प्रयोगांत हेक्टरी पाच टन किंवा त्याहून जास्त मात्रा असते, म्हणजे एकरी दोन टन. एक एकर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या धरा दहा क्विंटल, कोळसा अडीच क्विंटल. म्हणजे आठ एकर कपाशी तेव्हा एक एकर भुईमूग! तेवढा कोळसा विकत घ्यायचा तर भुईमुगात तो पैसा निघेल असं मला वाटत नाही. त्यापेक्षा सिंगल सुपर फॉस्फेट घ्या, त्यात ११ टक्के गंधक असतं. तेलाला गंधक लागतं, डीएपीत ते नाही, कोळशातही म्हणण्यासारखं नाही. आऱ्या सुटतानाचं जिप्समही कोळशामुळे टळत नाही.

मग करायचं कसं? हैदराबादच्या क्रिडा संस्थेने २०० लिटरच्या ड्रमची साधी भट्टी केलेली आहे. ड्रम नसेल तर खड्डा: वर चार फूट रुंद, तीन फूट खोल, तळाला निमुळता. पऱ्हाट्या खडखडीत वाळलेल्या हव्यात, ओल्या असल्या की नुसता धूर. थोड्या भरून वरून पेटवा. वरच्या काड्यांवर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर टाका. शेवटी पाणी किंवा शेणकाला ओतून पूर्ण विझवा. विहीर आटली असेल तर मातीने जाड दाबा. वरून विझलेला कोळसा आतून रात्री पुन्हा पेटतो, गोठ्याजवळ किंवा कडब्याजवळ ठेवू नका. (केळीवाल्या भाऊंनो, खांब यात नको. त्यात पाणीच पाणी, ते कुजवाच.) घरात चूल असेल तर सरपण आधी बाजूला काढा, नाहीतर ताई-काकू मला विचारतील.

कोरा कोळसा रानात टाकायचा नाही, तो पिकाच्या वाट्याचं नत्र धरून बसतो. एक टोपलं कोळसा, दोन टोपली शेणखत, वरून गोमूत्र, आणि दीड-दोन महिने ओलसर ठेवा. कुटताना तोंडाला रुमाल बांधा. पेरणीच्या वेळी सगळीकडे फेकू नका, तासातच सोडा. थोडक्यात जास्त रान होतं.

मार्चअखेर काम उरका. बांधावरच्या पऱ्हाट्यांत राहिलेल्या कवड्या बोंडांतच गुलाबी बोंडअळी लपते. जूनपर्यंत ढीग ठेवला तर ती परत तुमच्याच कपाशीत येणार.

पाच गुंठ्यांत करा, शेजारी पाच गुंठे तसेच सोडा. वाण एकच, खत एकच. शेंगा वाळवून दोन्हींचं वजन वेगळं करा आणि आकडा ग्रुपवर टाका, कमी आला तरी टाका. हे आकडे हातात आले की भट्टीचा विषय पुढच्या सभेत परत घेऊ.